डाव्या हाताशिवाय पेटी

ठाण्याला नौपाड्यात मी पेटी शिकवते. अपंगत्व असलेल्या मुलांचे आई-वडील चौकशीला येतात तेव्हा बहुतेक जण एकच सांगतात, "फार काही नको ताई, नुसता जीव रमला तरी पुरे." मला हे ऐकून फार वाईट वाटतं. मूल रमेल हो, पण त्याला यमन राग यायला हवा, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमकं येता यायला हवं.

हातपेटीला उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर लागतो. जन्मताना खांद्याजवळची नस दुखावल्यामुळे डाव्या हातात जोरच नसलेली एक मुलगी माझ्याकडे आली. आधीच्या क्लासमध्ये तिला "तू गाणं शीक" असं सांगितलं होतं. तिला पेटीच हवी होती. सुरुवातीला तिची आई शेजारी बसून भाता मारायची. सूर निघत, पण स्वर कुठे भरायचा, कुठे हळुवार सोडायचा हे भात्यावर ठरतं, आणि तोच दुसऱ्याच्या हातात. की-बोर्डला तर भाताच नाही. मग संगीत नाटकांत वाजायची ती पायपेटी डोक्यात आली. ओळखीच्या एका जुन्या घरात मिळाली, भाता दुरुस्त करून घेतला. आता ती खुर्चीवर बसून पायाने भाता चालवते आणि प्रवेशिका परीक्षेचे राग वाजवते. तेच राग, तेच ताल, एकही आलाप कमी केलेला नाही.

ऐकू न येणारा एक मुलगा तबला शिकतो. त्याला तीनताल मी डग्ग्याला तळवा टेकवून समजावला. दहाव्या मात्रेला डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि चौदाव्या मात्रेला परत येतो. त्या चार मात्रांत तळव्याखाली काहीच थरथरत नाही. 'खाली', म्हणजे टाळीऐवजी हात रिकामा सोडायचा तालाचा भाग, त्याला तिथेच कळली. टाळ्या तो माझे हात बघून देतो. ऐकू येणारी कितीतरी मुलं खालीच्या जागी चुकतात, तो चुकत नाही.

स्वमग्न मुलांचं वेगळं. त्यांच्यासाठी खोलीत एका वेळी एकच वाद्य वाजतं, तानपुऱ्याचा आवाज बारीक, आणि तासाचा क्रम रोज तोच: आधी सा, मग अलंकार, मग बंदिश. क्रमाची चित्रं भिंतीवर लावली आहेत.

हे काही उपकार नव्हेत. विष्णु दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्याने अधू झाले, म्हणून ते मिरजेला गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. त्यांनीच 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपी तयार केली. त्यांच्या शिष्यांनी 1931 साली स्थापलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय इथे खाडीपलीकडे वाशीला आहे आणि आपली मुलं त्याच्याच परीक्षा देतात. इतकं सगळं ज्यांच्यामुळे उभं राहिलं, त्यांनाही कोणी "नुसता जीव रमव" म्हणालं असतं तर?

म्हणून पालकांनो, क्लास बघायला जाल तेव्हा "आमच्या मुलाला घ्याल का" एवढंच विचारू नका. त्याच्यासाठी काय बदलाल, हे विचारा. आणि ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणाच्या माळ्यावर जुनी पायपेटी पडली असेल तर मला कळवा. भाता फाटका असला तरी चालेल, मला आणखी एक हवी आहे.