स्पेक्ट्रम अपडेट: १६ के वरून ४८ के

आधी चांगली बातमी, दुरुस्तीला घेतलेला स्पेक्ट्रम (सिंक्लेअरचा जुना होम कॉम्प्युटर) बूट झाला! खाली '१९८२ सिंक्लेअर रिसर्च' ची ओळ आली.

मागच्या वेळी नुसते रंगीत चौकोन दिसत होते म्हणजे घोळ मेमरीच्या (रॅमच्या) खालच्या १६ के मध्ये, म्हणजे पहिल्या १६ किलोबाइटमध्ये. तिथल्या ४११६ या रॅम चिपांना तीन व्होल्टेज लागतात, +५, +१२ आणि -५, आणि -५ गेलं नि १२ चालू राहिलं की चिपा मरतात. मीटर लावला तर -५ गायब. टीआर४ ट्रान्झिस्टर बदलला, कॉइल बघितली, व्होल्टेज नीट आल्यावर मगच रॅमला हात लावला. एका ४११६ वर बोट टेकलं की चटका बसत होता, ती काढून सॉकेट लावलं.

आता बूट होताना काळ्या स्क्रीनवर लाल उभ्या रेघा दिसतात ना, तो दागिना नाही, ती रॅम टेस्ट आहे. रॉम (मशीनमधला कायमचा प्रोग्राम) सगळ्या रॅममध्ये २ भरतो, २ म्हणजे बिटमॅपमध्ये (स्क्रीनचे ठिपके) दर आठ पिक्सेलमागे एक पेटलेला आणि अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (स्क्रीनचे रंग) काळ्यावर लाल. मग खालून वर जात प्रत्येक बाइटमधून दोनदा एक वजा करतो, शून्य नाही आलं की तिथेच थांबतो आणि मेमरी इथपर्यंतच असं धरून निवांत पुढे जातो, तक्रार वगैरे काही नाही!

म्हणून बूट झाला तरी लगेच नाचायचं नाही, आधी रॉमने धरलेला रॅमचा शेवटचा पत्ता बघायला हे टाइप करायचं (पीक म्हणजे त्या पत्त्यावरचा आकडा वाचणं): प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. आपल्याकडे उत्तर ३२७६७, म्हणजे मशीन गुपचूप १६ के होऊन बसलंय, ४८ के ला ६५५३५ यायला हवं.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो कारण दुरुस्ती चक्क बेसिकमध्ये, मशीनच्या स्वतःच्या प्रोग्रामिंग भाषेत होते. पोक ३२७६८,० केलं (त्या पत्त्यावर ० लिहिला) आणि तोच पत्ता पीक केला तर १६, म्हणजे फक्त बिट ४ मेला, कायम १ वर अडकलेला. वरच्या रॅममध्ये आठ चिपा आणि दर चिप एकाच बिटची, म्हणजे गुन्हेगार सापडला, ऑसिलोस्कोप लागलाच नाही. (सगळेच बिट गंडले असते तर आधी अ‍ॅड्रेसच्या ७४ सिरीजवाल्या चिपांवर संशय घेतला असता.) तिथली मूळ चिप ४५३२ म्हणजे खरं तर अर्धी खराब निघालेली ६४ के ची चिप, चांगला अर्धा कुठला ते बोर्डावरच्या जंपरने (जोडणीच्या छोट्या तारेने) ठरतं, तिथे अख्खी ६४ के ची ४१६४ मस्त चालते आणि तिला ५ व्होल्टच पुरतात. बदलली. आता उत्तर ६५५३५.

कॅसेटऐवजी फोनवरून ऑडिओ दिला, आवाज जवळपास फुल लागतो. बॉर्डरला लाल-निळसर पट्टे आले, मग निळे-पिवळे, आणि गेम लोड!

रात्री उशिरापर्यंत १६३८४ ते २२५२७, म्हणजे स्क्रीनच्या बिटमॅपचा एकेक पत्ता पोक करत बसलो. रेघा खिडकीच्या पट्ट्यांसारख्या सोडून सोडून येतात, आधी प्रत्येक अक्षरओळीची पहिली रेघ, मग दुसरी, आणि हे पण स्क्रीनच्या एकेका तिहाई भागात. वेडेपणा वाटतो, पण त्यामुळेच अक्षराची खालची रेघ बरोबर २५६ बाइट पुढे येते, मशीन कोडमध्ये एक आयएनसी एच (पत्त्याच्या वरच्या बाइटमध्ये एक वाढवणारी सूचना) मारलं की झालं. डिझाइन करणाऱ्याला सलाम.

कीबोर्डचा मेम्ब्रेन (बटणांखालचा प्लास्टिकचा पातळ थर) कडक झालाय, वरची ओळ उठतच नाही. नवा मागवलाय, तोपर्यंत कॉम्पोझिट मॉड (टीव्हीला थेट व्हिडिओ सिग्नल देणारा बदल) उरकतो, आरएफचं, म्हणजे टीव्हीच्या अँटेना सॉकेटमधून येणारं चित्र बघवत नाही.