सुरक्षा एजन्सीचा परवाना आणि रक्षकाचे तास

गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीवर काम करणाऱ्यांना सुरक्षा एजन्सीची कोटेशने वाचण्याची सवय असते, आणि बहुतेक सभांमध्ये त्यांवरची चर्चा शेवटच्या ओळीतील एकूण रकमेपाशी सुरू होऊन तिथेच संपते. आमच्या संस्थेसाठी अशी कोटेशने मी गेली काही वर्षे वाचत आलो आहे. ती नीट समजावीत म्हणून मुळातला कायदा वाचला, तेव्हा माझे एक मत तयार झाले आणि ते दिवसेंदिवस पक्के होत गेले. ते असे की एजन्सीचा परवाना आणि रक्षकाचे वेतन यांची गाठ आपल्या कायद्याने बांधून ठेवलेली आहे. परवाना देणारे शासन आणि पैसे मोजणारे आपण, दोघांनीही तिच्याकडे दुर्लक्ष केले आहे.

या धंद्यातील माणसे ज्याला ‘पसारा लायसन्स’ म्हणतात, तो परवाना खासगी सुरक्षा एजन्सींच्या नियमनासाठी २००५ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार (इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘पसारा’) मिळतो. गृह विभागातील सहसचिव किंवा समकक्ष दर्जाचा अधिकारी राज्याचा नियंत्रक प्राधिकारी असतो. एका जिल्ह्यासाठी ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,००० आणि संपूर्ण राज्यासाठी २५,००० रुपये असे शुल्क कायद्यातच लिहिलेले असून परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. परवान्याशिवाय एजन्सी चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. राज्यभर पसरलेला व्यवसाय करणाऱ्याला ही दंडाची रक्कम धाक वाटावा अशी आज मुळीच राहिलेली नाही. सैन्य किंवा पोलिसांसारखा गणवेश घालण्यालाही शिक्षा आहे. रक्षकाचे वय १८ ते ६५ वर्षांच्या दरम्यान असावे, त्याच्या चारित्र्याची आणि पूर्वेतिहासाची पडताळणी झालेली असावी आणि त्याने प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे, अशा अटी आहेत. माजी सैनिक आणि माजी पोलीस यांना प्राधान्य देण्याचेही कायद्याने सांगितले आहे.

प्रशिक्षणाबाबत नियम बरेच नेमके आहेत. वर्गातील १०० तास आणि प्रत्यक्ष मैदानावरील ६० तास, असे मिळून १६० तासांचे शिक्षण किमान २० कामाच्या दिवसांत द्यावयाचे असते. आग विझवणे, गर्दीचे नियंत्रण, ओळखपत्रांची तपासणी, प्रथमोपचार, स्फोटक वस्तू ओळखणे, स्वसंरक्षणाचा अधिकार आणि प्राथमिक माहिती अहवाल कसा नोंदवावा, इतके विषय त्यात येतात. हा अभ्यासक्रम मनापासून शिकवला गेला तर फाटकावर उभा असलेला माणूस इमारतीतील सर्वांत उपयोगी माणूस ठरेल. प्रत्यक्षात ज्या रक्षकांशी मी बोललो, त्यांतील अनेकांचे प्रशिक्षण म्हणजे आधीच्या रक्षकाबरोबर काढलेली एखादी पाळी आणि सुपरवायझरने दाखवलेली पाहुण्यांची नोंदवही एवढेच होते. प्रमाणपत्र मात्र फायलीत लावलेले होते.

असे का होते, याचे उत्तर साध्या गणितात सापडते. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने आठ तासांची ड्यूटी करून आठवड्याची एक सुट्टी घेतली तर तो ४८ तास काम करतो. म्हणजे चोवीस तास माणूस हवा असलेल्या एका जागेसाठी साडेतीन माणसे लागतात. दोन फाटके आणि वाहनतळ अशा तीन जागा असतील तर दहा-अकरा माणसांची गरज आहे. कोटेशनमध्ये मात्र सहा माणसे दाखवलेली असतात. सहा माणसांनी तीन जागा सांभाळायच्या तर प्रत्येकाला बारा तासांची ड्यूटी आणि सुट्टीविना आठवडा, म्हणजे आठवड्याला ८४ तास काम करावे लागते, आणि रिलिव्हर, म्हणजे पाळी बदलायला येणारा रक्षक, आला नाही तर डबल ड्यूटी ठरलेली. ठरलेल्या तासांपलीकडच्या कामाला दुप्पट दर द्यावा लागतो, हे कायद्याने सांगितले असले तरी कोटेशनमधील आकड्यात त्याला जागाच ठेवलेली नसते. सर्वांत स्वस्त कोटेशन ज्या पैशांमुळे स्वस्त झालेले असते, ते बहुतेक वेळा रक्षकाच्या झोपेतून, सुट्टीतून आणि भविष्य निर्वाह निधीतून काढलेले असतात. सभेत मी हे मांडतो तेव्हा मेंटेनन्स वाढेल अशी हरकत येते. ती खरी आहे, मेंटेनन्स वाढेलच. पण आज तो वाढलेला भाग आपल्याऐवजी तो माणूस भरतो आहे, हेही तितकेच खरे आहे.

महाराष्ट्राने हा प्रश्न फार आधी ओळखला होता, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी जी मंडळाची पद्धत आणली, तिच्याच धर्तीवर १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे होते. ज्याच्याकडे तो पहारा देतो तो मुख्य मालक वेतन आणि त्यावरील लेव्ही, म्हणजे लाभांसाठीची जादा रक्कम, मंडळाकडे भरतो. आणि मंडळ त्यातून रक्षकाला पगार, निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), बोनस व भरपगारी रजा देते. शासन, मालक आणि रक्षक या तिन्ही बाजूंचे प्रतिनिधी मंडळावर असतात. मधल्या माणसाने पगारातून किती कापायचे, हा प्रश्नच या रचनेत उरत नाही. मात्र याच कायद्याच्या २३ व्या कलमाने सवलतीची वाट ठेवली आहे: रक्षकांना मिळणारे लाभ कायद्यातील लाभांपेक्षा कमी नाहीत अशी शासनाची खात्री पटली तर त्यांना सूट देता येते. कलमाचा हेतू वावगा नाही, परंतु एकदा सूट मिळाल्यावर ते लाभ पुढेही खरोखर मिळत आहेत का, हे वर्षानुवर्षे तपासत राहिले तरच त्या सुटीला अर्थ उरतो. आणि जो वॉचमन एखाद्या जुन्या इमारतीने थेट नेमलेला असतो आणि जिन्याखालच्या खोलीत राहतो, तो एजन्सीचा माणूस नसल्याने २००५ च्या कायद्यात येत नाही आणि थेट नेमणुकीमुळे १९८१ च्या कायद्याबाहेर राहतो. त्याच्याविषयी कोणत्याही कार्यालयाला चिंता असल्याचे मला दिसलेले नाही.

आता त्या गाठीकडे येतो. २००५ चा कायदा केवळ पोलीस पडताळणीचा कायदा आहे असा सर्वसाधारण समज आहे. परंतु त्याच्या १५ व्या कलमानुसार एजन्सीने जी नोंदवही ठेवायची असते, तीत रक्षकांची नावे, पत्ते आणि छायाचित्रे यांच्याबरोबर त्यांचे पगारही लिहायचे असतात. १६ व्या कलमाने नियंत्रक प्राधिकाऱ्याला एजन्सीच्या जागेत जाऊन तपासणी करण्याचा अधिकार दिला आहे. १३ व्या कलमात परवाना रद्द करण्याची कारणे दिली असून कायद्याच्या शेवटी जोडलेल्या अनुसूचीतील कायद्यांचा भंग हे त्यांपैकी एक कारण आहे. त्या अनुसूचीत किमान वेतन कायदा १९४८, भविष्य निर्वाह निधी कायदा १९५२, बोनस कायदा १९६५, कंत्राटी कामगार कायदा १९७०, उपदान कायदा १९७२ आणि आणखी काही कामगार कायदे आहेत. याचा अर्थ, रक्षकाचा निर्वाह निधी बुडवणाऱ्या एजन्सीचा परवाना काढून घेण्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. गृह विभागाने कामगार विभागाला विचारले पाहिजे, आणि कामगार विभागाने न विचारताही कळवले पाहिजे. यांतील अनेक कायदे २०१९ आणि २०२० मध्ये संमत झालेल्या कामगार संहितांमध्ये सामावून घेतले गेले असल्याने अनुसूचीची भाषा नव्याने स्पष्ट करून घेणेही आवश्यक आहे, नाहीतर उद्या कुणी वकील तेवढ्याच फटीतून निसटेल.

नेमके नियम करणे शासनाला अवघड नाही, हे रोख रकमेच्या वाहतुकीसाठी २०१८ मध्ये केलेल्या नियमांतून दिसते. शहरात रात्री ९ नंतर एटीएममध्ये पैसे भरायचे नाहीत, ग्रामीण भागात सायंकाळी ६ नंतर नाहीत, एका फेरीत पाच कोटींपेक्षा अधिक रक्कम न्यायची नाही, गाडीत चालकाशिवाय दोन सशस्त्र रक्षक हवेत, इतक्या तपशिलाने ते लिहिलेले आहेत. रक्षकाने सलग किती तास उभे राहायचे, हेही अशाच नेमकेपणाने परवान्याच्या अटींत लिहिता येईल.

या क्षेत्राची दुसरी बाजू असलेल्या खासगी गुप्तहेरांना तर एवढाही कायदा नाही. त्यांच्या नियमनाचे विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले आणि त्याचा कायदा कधीच झाला नाही. लग्नाआधीची चौकशी, विम्याच्या दाव्यांची शहानिशा अशी कामे उघडपणे चालतात; आणि लोकांच्या फोन कॉलचे तपशील बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये काही खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितल्यानंतर तरी हे विधेयक नव्याने लिहिले जायला हवे होते.

शासन जागे होईपर्यंत संस्थांना दोन गोष्टी करता येतात. एजन्सीचा परवाना चालू आहे का आणि तो आपल्या जिल्ह्यासाठी आहे का, हे करारापूर्वी पाहणे ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची आहे: दर महिन्याचे बिल मंजूर करण्यापूर्वी आपल्या फाटकावर त्या महिन्यात उभ्या राहिलेल्या रक्षकांच्या नावांसह निर्वाह निधीचे चलन आणि पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा मागणे, आणि ही अट करारातच लिहून घेणे. आमच्या करारात ती आता आहे. एका एजन्सीने ती वाचून कोटेशन मागे घेतले, आणि दुसरीने सहाऐवजी दहा माणसांचे नवे कोटेशन दिले.