तुम्ही विचारलेत म्हणून : कोणता पुरावा मला पटेल?

‘असा कोणता पुरावा दिला, तर तुम्ही ख्रिस्ती श्रद्धा स्वीकाराल?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की विचारणाऱ्याच्या सुरावरूनच त्याचे पुढचे वाक्य मला कळते. काही जण खरोखर जाणून घेण्यासाठी विचारतात. बहुतेकांना मात्र ‘कोणताच नाही’ हे उत्तर माझ्या तोंडून वदवून घ्यायचे असते, म्हणजे नास्तिकही शेवटी हटवादीच असतात असे म्हणून विषय मिटवता येतो. मी तसे कधीही म्हटलेले नाही. पूर्वी मी याला एक चटपटीत उत्तर देत असे : सर्वांना वाचता येतील अशी अक्षरे आकाशात उमटू द्यावीत, किंवा कापलेला पाय चारचौघांदेखत पुन्हा उगवू द्यावा. उत्तर ऐकणाऱ्यांना आवडे आणि मलाही आवडे. परंतु आकाशात अक्षरे उमटली तरी त्यातून कोणीतरी महासामर्थ्यवान आहे एवढेच ठरेल. त्याने रोमन सुभेदार पिलाताच्या काळात वधस्तंभावर मेलेल्या एका माणसाला, येशूला, पुन्हा जिवंत उठवले आणि त्या मृत्यूचा माझ्या पापांशी संबंध आहे, हे त्यातून कसे ठरणार?

येशू होऊन गेला की नाही, याबद्दल कृपया माझ्याशी वाद घालू नका. तो होऊन गेला आणि मारला गेला, हे मी मानतो. टॅसिटस या रोमन इतिहासकारानेही इसवी सन 116 च्या सुमारास ते नोंदवले आहे. प्रेषित पौलाचे बायबलमधील करिंथकरांस पहिले पत्र 53 ते 55 च्या दरम्यानचे आहे आणि त्याच्या पंधराव्या अध्यायातील, उठलेला येशू पाहिलेल्या साक्षीदारांची यादी त्या पत्राहूनही जुनी असावी, हेही मला मान्य आहे. आपल्याला उठलेला येशू दिसला, असे त्याच्या काही अनुयायांना मनापासून वाटत होते. एवढ्यापर्यंत मी तुमच्याबरोबर येतो. मात्र त्या यादीतील पाचशे जणांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि मार्काच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधील येशूच्या एका चरित्राच्या, चौथ्या शतकातील दोन प्रमुख हस्तलिखितांत मजकूर सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी, म्हणजे येशूची कबर रिकामी पाहून घाबरलेल्या स्त्रिया कोणाला काही न सांगता पळून गेल्या तेथेच, संपतो. पुढची दर्शने नंतर जोडली गेली. हे मी खोडसाळपणे काढलेले नाही. ख्रिस्ती अभ्यासकांच्याच आवृत्त्यांत ते तळटिपेत छापलेले असते.

समजा, ही सगळी तूट उद्या भरून निघाली. समजा, शिष्यांच्या विरोधकांपैकीच कोणाचा पहिल्या शतकातला निःसंशय अस्सल कागद सापडला आणि कबर रिकामी का झाली हे आम्हाला उलगडलेले नाही, असे त्यात लिहिलेले निघाले. मी हादरेन, यात शंका नाही. पण येथे मला पिन्हास लापिडे आठवतात. हे ज्यू धर्मपंडित येशूचे पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांतून उठणे, ही प्रत्यक्ष घडलेली घटना मानत. त्यांनी 1977 मध्ये जर्मन भाषेत तसे पुस्तकही लिहिले, आणि तरीही ते अखेरपर्यंत ज्यूच राहिले. म्हणजे ज्या पुराव्यासाठी तुमची आणि माझी इतकी ओढाताण चालते, तो पूर्णपणे पदरात पडूनही एक जाणता, श्रद्धाळू माणूस ख्रिस्ती झाला नाही. याचा विचार मला प्रश्न विचारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी केलेला दिसतो.

मग उरतो तो आजचा, डोळ्यांसमोरचा पुरावा. बायबलला त्याचे वावडे आहे असेही नाही. कर्मेल डोंगरावर एलीया या संदेष्ट्याने वेदीवर पाणी ओतून स्वर्गातून अग्नी मागितला. गिदोन या इस्राएली सरदाराने देवाकडून खूण म्हणून फक्त लोकरीवर दव पाडून घेतले आणि खात्री पटेना म्हणून दुसऱ्या रात्री नेमके उलटे, म्हणजे लोकर कोरडी आणि जमीन ओली, असे मागितले. त्याच ग्रंथात परमेश्वराची परीक्षा पाहू नये, अशीही आज्ञा आहे. 2006 साली हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या 1,802 रुग्णांवरील प्रार्थनेचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मी गिदोनाची बाजू घेतली आणि माझ्या ख्रिस्ती मित्राने आज्ञेची. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे की नाही हे ज्यांना नक्की ठाऊक नव्हते, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्यांत 52 टक्क्यांना आणि न झालेल्यांत 51 टक्क्यांना गुंतागुंत झाली; प्रार्थना होत असल्याचे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण 59 टक्के निघाले. देव प्रयोगशाळेत हजेरी लावत नाही, असे मित्र म्हणाला. निकाल उलट लागता तर हेच म्हणाला असतास का, असे मी विचारले आणि आम्ही दोघेही चिडलो.

त्यानंतर काही वर्षांनी माझी मोठी बहीण अतिदक्षता विभागात होती. रक्तात जंतुसंसर्ग पसरला होता, रक्तदाब टिकवण्याची औषधे चालू होती आणि मूत्रपिंडे थांबली होती. तिच्या खाटेला लटकणाऱ्या यूरोबॅगमध्ये, म्हणजे लघवीच्या पिशवीत, तळाशी चहाच्या रंगाचा एक पातळ थर होता आणि तो तासन्‌तास हलला नव्हता. सकाळी डायलिसिसचा निर्णय घेऊ, असे डॉक्टरांनी सांगितले. हा मित्र बाहेरच्या बाकावर माझ्याबरोबर बसून होता. तो प्रार्थना करत होता हे मला ठाऊक होते. मी काय करत होतो, हे त्याला ठाऊक नव्हते. मी गिदोन झालो होतो. सहा वाजायच्या आत त्या पिशवीत शंभर मिलीलिटर जमले, तर मी मान्य करीन, असे मी मनात ठरवले, आणि ‘मान्य करीन’ म्हणजे त्याच्या प्रभूला, अन्य कोणाला नव्हे, असेही स्वतःला स्पष्ट बजावले. पळवाट राहू नये म्हणून आकडा मीच आधी निश्चित केला होता.

पहाटे सिस्टर बाहेर आल्या आणि लघवी सुरू झाल्याचे त्यांनी सांगितले. आत जाऊन मी पिशवीवरच्या रेघा वाचल्या. शंभराची रेघ बुडाली होती.

मी बाहेर येऊन मित्राला सगळे सांगितले. त्याला आनंद होईल, तो मला मिठी मारील, कदाचित तेथेच गुडघे टेकायला सांगील, असे मला वाटले होते. आणि त्याने सांगितले असते तर मी गुडघे टेकले असते, हे मी येथे प्रथमच लिहीत आहे. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पलीकडच्या खाटेवरचा मुलगा मध्यरात्री गेला. त्याची आई माझ्याशी बोलत होती. रात्रभर मी त्याच्यासाठी जास्त मागणं केलं, ताईसाठी कमी. हे तू पुरावा म्हणून धरू नकोस. उद्या ताईचं काही बरंवाईट झालं तर तू काय उलट मोजणार आहेस?”

बहीण बरी झाली. प्रतिजैविकांना परिणाम दाखवायला तेवढा अवधी लागतोच आणि मूत्रपिंडे अशी पुन्हा सुरू होतात, हे मला नंतर डॉक्टरांनी समजावले. ते स्पष्टीकरण मला पुरेसे वाटते. पण तेव्हाचा मी आजच्या मला सोडत नाही : आकडा तू ठरवलास, वेळ तू ठरवलीस, आणि तो आकडा गाठला गेल्यावर प्रतिजैविकांकडे बोट दाखवतोस, मग तू कर्मेल डोंगरावर असतास तरी वेदीखाली ठिणगीच शोधली असतीस. मी त्याला सांगतो की एका रात्रीच्या एका पिशवीवरून विश्वाचा कर्ता ठरत नसतो आणि त्या मुलाची आईही काहीतरी ठरवूनच बसली असणार. तो म्हणतो, हे तुला आधी ठाऊक नव्हते का? यावर माझ्याजवळ पटेल असे उत्तर नाही. मित्राने मला अडवले नसते तर मी आज विश्वासणारा असतो का, याचेही नाही. चांगल्या पुराव्याअभावी मी नास्तिक राहिलो की एका प्रामाणिक ख्रिस्ती माणसामुळे, हे मला ठरवता आलेले नाही.

धनवान माणूस आणि लाजर यांच्या दाखल्यात येशूच म्हणतो की, जे मोशे आणि संदेष्ट्यांचे ऐकत नाहीत, ते मेलेल्यांतून कोणी उठला तरी ऐकणार नाहीत. हे वचन मला अनेकदा टोमण्यासारखे ऐकवले जाते. मी ते गांभीर्याने घेतो, आणि म्हणूनच मला पुराव्यांची जाडजूड यादी पाठवणाऱ्यांचे आश्चर्य वाटते. तुमच्याच प्रभूने तिच्या उपयोगाबद्दल शंका व्यक्त केलेली आहे. तरीही पाठवायचीच असेल तर रिकाम्या कबरेपासून सुरुवात करू नका, तेथवर मी येऊन गेलो आहे. लापिडे जेथे थांबले, तेथून पुढे जाण्याचे कारण काय, हे लिहा. आणि माझ्या मित्राने त्या पहाटे मला सोयीस्कर साक्ष म्हणून का वापरले नाही, याचा उलगडा तुमच्या धर्मशास्त्रात असेल, तर तोही लिहा.