सोमवार वगळून दिल्ली

दिल्लीला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो 'काय काय बघायचं' हा. खरं तर त्याच्या आधीचा प्रश्न आहे, 'सोमवार कुठे टाकायचा?' सोमवारी लाल किल्ला बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, रेल्वे संग्रहालय बंद, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय बंद, अक्षरधाम बंद, कमळ मंदिर बंद. प्राणिसंग्रहालयाने तेवढा शुक्रवार धरलाय, आणि तिकडे आग्र्यात ताजमहालानेही. आता आपल्याकडे सहल कशी ठरते ते बघा. शनिवार-रविवारला सोमवारची एखादी सुट्टी चिकटून आली की कालनिर्णयावर पेनाने गोल पडतो. म्हणजे तीन दिवसांतल्या एका दिवसाला घरातून निघण्याआधीच कुलूप लागलं!

सोमवार वाया घालवायची मात्र गरज नाही. कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा, जंतरमंतर, लोदी गार्डन, इंडिया गेट, राष्ट्रीय युद्धस्मारक, बंगला साहिब गुरुद्वारा ही मंडळी सोमवार पाळत नाहीत. म्हणून आधी कागदावर वार मांडायचे, सोमवारच्या खाली ही नावं टाकायची, आणि मग बाकीचे दिवस भरायचे. उलटं केलं की लाल किल्ल्याच्या बंद दरवाज्यासमोर फोटो काढून परत यावं लागतं. असे फोटो बऱ्याच घरांतल्या अल्बमात सापडतील.

वार झाला, आता महिना. मराठी शाळांच्या सुट्ट्या आणि दिल्लीची हवा यांचं जन्माचं वाकडं आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिथे वारा पडलेला, पंजाब-हरियाणातल्या शेतातल्या खुंटांचा धूर, त्यावर फटाके. कर्तव्यपथावर उभं राहून राष्ट्रपती भवन शोधावं लागतं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, आणि लाल दगडाच्या फरसबंदीवर अनवाणी चालायचं म्हणजे तव्यावर पाय. नाताळात धुकं, गाड्या तासन् तास उशिरा, विमानं खोळंबलेली. जानेवारीचा दुसरा पंधरवडा प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाच्या तालमींचा, म्हणजे मध्य दिल्लीतले रस्ते कधी बंद होतील याचा नेम नाही. १५ ऑगस्टच्या आधी लाल किल्ला बरेच दिवस पर्यटकांना मिळत नाही. उरतो तो साधारण १० फेब्रुवारी ते १५ मार्च हा काळ. ऊन कोवळं, हवा त्यातल्या त्यात बरी, आणि राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान फुललेलं. (तेही सोमवारी बंदच.) अडचण एकच, घरात दहावी-बारावी असेल तर हा महिना कुठेच जायचा नाही. अशा घरांनी दसऱ्याच्या आसपासचे दिवस बघावेत. उकाडा असतो, पण आकाश पावसाने धुतलेलं असतं आणि रामलीला चालू असतात.

आता तिकीट. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं, आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. १४ फेब्रुवारीला निघायचं तर १६ डिसेंबरला सकाळी पावणेआठला लॉगिन होऊन बसायचं. खातं आधारशी जोडायचं काम त्याच्या आठवडाभर आधी उरकावं. त्या दिवशी ओटीपीची वाट बघत बसलात की वेटिंग लागलंच. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, तात्काळमध्ये चारच. सातजणांचं कुटुंब इथे पहिल्यांदा फुटतं, आणि घाईत ते चार-तीन असं कसंही फुटतं. ते फोडायची योग्य जागा ठरलेली आहे: आजी-आजोबांचं दोघांचं तिकीट वेगळं, उरलेल्या पाचांचं वेगळं. कारण ज्येष्ठांसाठी राखीव लोअर बर्थचा कोटा तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तरच लागू होतो. सातही जणांची नावं दोन तिकिटांवर वाटेल तशी भरली, की आजींना अप्पर बर्थ येतो आणि मग रात्री डब्यात 'जरा खाली झोपू द्याल का' अशी विनवणी करत फिरावं लागतं.

राहायचं कुठे, याचं उत्तर 'स्टेशनाजवळ' असं देण्याची आपली सवय आहे. नवी दिल्ली स्टेशनाला दोन तोंडं: एक नंबर फलाटाच्या बाजूला पहाडगंज, सोळा नंबरच्या बाजूला अजमेरी गेट. मेट्रो अजमेरी गेटच्या अंगाला. पहाडगंज स्वस्त, पण गल्ल्या अरुंद, रात्री उशिरापर्यंत गजबज. मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर करोल बागेसारखी मेट्रोच्या निळ्या मार्गावरची वस्ती बरी. कसोटी एकच ठेवावी: मेट्रो स्टेशनच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत पायी पाच मिनिटं, आणि लिफ्ट आहे का हे फोनवर विचारून. आणि स्टेशनात कुणी आपणहून येऊन 'आपका होटल तो बंद हो गया', 'आगे रोड बंद है', 'टिकट कैन्सल दिखा रहा है' असं म्हणालं, तर चालण्याचा वेग न कमी करता पुढे जावं. तो माणूस तुम्हाला कनॉट प्लेसमधल्या कुठल्याशा 'टूरिस्ट ऑफिस'कडे नेण्यासाठीच उभा असतो. 'सरकारी एम्पोरियम' दाखवतो म्हणणाऱ्या रिक्षावाल्याचं गणितही कमिशनचं. खरी राज्य सरकारांची एम्पोरियमं बाबा खडकसिंग मार्गावर ओळीने आहेत, तिथे कुणी हात धरून नेत नाही.

दिल्ली नकाशावर फसवते. राष्ट्रपती भवन आणि इंडिया गेट समोरासमोर, सरळ एका रेषेत. बोट ठेवलं की अर्धा इंच. प्रत्यक्षात ते अंतर जवळपास तीन किलोमीटरचं आहे. १९११ साली राजधानी कोलकात्याहून हलवण्याची घोषणा झाली, १९३१ मध्ये नवी दिल्लीचं उद्घाटन झालं, आणि मधल्या वीस वर्षांत जे शहर उभं राहिलं ते मिरवणुकांसाठी, गुडघ्यांसाठी नव्हे. त्यामुळे ठिकाणांची यादी प्रसिद्धीप्रमाणे न लावता गुडघ्यांप्रमाणे लावावी. कुतुबमिनारचं आवार बरंचसं सपाट आहे, आणि मिनारात चढायचा प्रश्नच नाही: आत ३७९ पायऱ्या असल्या तरी १९८१ मधल्या चेंगराचेंगरीपासून वरचा जिना लोकांना बंद आहे. हुमायूनचा मकबरा मात्र सुमारे सात मीटर उंच जोत्यावर बसलाय आणि त्याच्या पायऱ्या अंगावर येणाऱ्या आहेत. जामा मशिदीच्याही पायऱ्या बऱ्याच. लाल किल्ला सपाट, पण लाहोरी दरवाज्यापासून शेवटच्या महालापर्यंत जाऊन यायचं म्हणजे चांगली रपेट. दिवसाला दोन ठिकाणं, फार तर तिसरं संध्याकाळी हिरवळीवर बसायचं. टूरवाल्यांची 'एका दिवसात नऊ ठिकाणं' ही बसच्या खिडकीतून होतात.

मेट्रो हा या सहलीचा कणा आहे, पण सातजणांनी एकत्र मेट्रोत शिरणं हीदेखील शिकण्याची गोष्ट. पहिली फाटाफूट तपासणीलाच होते: बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. बॅगा पट्ट्यावर टाकल्या की त्या यंत्रातून आधी बाहेर पडतात, आणि पर्सचा मालक अजून रांगेतच असतो. म्हणून ज्याची रांग छोटी त्यातला एकजण आधी पलीकडे जाऊन पट्ट्याच्या तोंडाशी उभा राहावा, मग बाकीच्यांनी बॅगा सोडाव्यात. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, प्रत्येकाचं तिकीट वेगळं. तीन फुटांच्या आतल्या पोराला लागत नाही, अर्धं तिकीट नावाची चीजच नाही. गाडीचा पहिला डबा फक्त बायकांचा. आजी तिकडे चढल्या म्हणून आजोबा मागोमाग शिरले तर दंड भरावा लागेल.

आणि राजीव चौक. निळा आणि पिवळा मार्ग तिथे एकमेकांवर चढतात, आणि संध्याकाळी सहाला दिल्लीतली निम्मी कचेरी तिथेच गाडी बदलत असते असं वाटतं. दरवाजा उघडतो, तिघं आत, चौघं बाहेर, दरवाजा बंद. याचा नियम सकाळी चहाच्या वेळीच ठरवून टाकावा: आत गेलेल्यांनी पुढच्याच स्टेशनवर उतरून फलाटावर जागचं हलायचं नाही, मागे राहिलेल्यांनी पुढची गाडी धरून त्याच स्टेशनवर उतरायचं. कुणीही 'परत मागे' यायचं नाही. आत गेलेले मागे येतात, मागचे पुढे जातात, आणि दोन्ही गाड्या बोगद्यात एकमेकींना ओलांडतात, हे न ठरवलेल्या घरांत हमखास घडतं.

फोन नसण्याची पाळी अक्षरधामला येते. तिथे मोबाइल, कॅमेरा, पॉवर बँक, पिशव्या, सगळं क्लोकरूममध्ये ठेवूनच आत सोडतात. म्हणजे आत हरवलं माणूस तर हरवलंच. भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवायची, एकाच्या तरी मनगटावर घड्याळ हवं, आणि लहान मुलांच्या खिशात नाव-नंबर लिहिलेली चिठ्ठी. रोख पैसे खिशात ठेवावेत. मंदिरात जायला तिकीट नाही, पण प्रदर्शनं आणि संध्याकाळच्या पाण्याच्या कार्यक्रमाला आहे. सामान एकाच्या नावावर जमा केलं असेल तर तो येईपर्यंत सगळे ताटकळतात, तेव्हा टोकन कुणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक असू द्यावं. दुपारी तीननंतर जावं, म्हणजे उन्हात रांग नाही आणि दिवे लागेपर्यंत थांबणंही होतं.

लाल किल्ल्यात मराठी माणसाने दिवाण-ए-खासमध्ये मान वर करून बघावं. आता दिसतं ते छत मूळचं नाही. १७६० मध्ये पानिपताकडे जाणाऱ्या सदाशिवरावभाऊंनी तिथलं चांदीचं छत उतरवलं आणि फौजेच्या पगारासाठी नाणी पाडली. 'आपण दिल्ली जिंकली होती' असं मुलांना सांगणाऱ्या आजोबांनी हेही त्याच दमात सांगावं. मुलांना ते जास्त लक्षात राहतं. किल्ला सकाळी उघडताच गाठावा, मग समोर चांदनी चौक. तो रस्ता सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंद असल्याने सायकलरिक्षाने जाता येतं. भाडं बसण्याआधी ठरवायचं, आणि 'आदमी का कि चक्कर का' हेही. रविवारी तिथली दुकानं बहुतेक बंद. लजपतनगर, सरोजिनीनगर, करोल बागेचा बाजार पुन्हा सोमवारीच बंद. साडी बघायची असेल त्या बाईने हे वाक्य दोनदा वाचावं.

सकाळी नाश्त्याला छोले-भटुरे खाऊन कुतुबमिनारला जाऊ नये. भटुरा पोटात आणि माणूस हिरवळीवर आडवा. तिसऱ्या दिवशी कुणीतरी 'साधा वरणभात नाही का कुठे?' म्हणतंच. त्यावर दोन उतारे आहेत. एक, राज्यांच्या भवनांची उपाहारगृहं: अशोका रोडवरच्या आंध्र भवनाच्या थाळीत भात पोटभर असतो, आणि कस्तुरबा गांधी मार्गावर नवं महाराष्ट्र सदन आहे, तिथे मुक्कामाची खोली मिळेल या आशेवर मात्र सहल आखू नये. दुसरा उतारा घरून न्यायचा: पाव किलो मेतकूट, तुपाची छोटी बरणी, शेंगदाण्याची चटणी. हॉटेलात नुसता भात मागवला की झालं.

आग्रा बहुतेकजण मधल्या दिवशी जाऊन-येऊन करतात. सकाळी हजरत निजामुद्दीनहून गतिमान एक्स्प्रेस पकडली तर पावणेदोन तासांत आग्रा कँट. ताज बंद म्हणून ती शुक्रवारी धावतच नाही. पण परतीचं तिकीट काढण्याआधी एक बघावं. गोवा एक्स्प्रेस, झेलम, पंजाब मेल या गाड्या दिल्लीहून येताना आग्रा कँटला थांबतात. मग आग्रा शेवटी ठेवून तिथूनच घरची गाडी का धरू नये? पुन्हा दिल्ली, पुन्हा हॉटेल, पुन्हा ऑटो, सगळं वाचतं. सोयीच्या वेळेची गाडी मिळत नसेल तर एक रात्र आग्र्यात राहायचं आणि पहाटे ताज बघायचा. मुंबई सेंट्रलकडे येणारी राजधानी कोट्यावरून जाते, तिच्या वाटेत आग्रा लागत नाही, हे तेवढं ध्यानात ठेवायचं. ताजचं तिकीट ५० रुपये, मुख्य कबरीच्या इमारतीत जायचं तर वर २०० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट. आणि आत गेल्यावर तीन तासांची मुदत. सामान घेऊन दारात जाऊ नये, ते कँट स्टेशनच्या क्लोकरूमला ठेवावं. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, तेव्हा दोन छोटी कुलपं घरूनच न्यावीत.

पेठा घ्यायचा तो कोरडा घ्यावा. अंगूरी पेठ्याचा पाक खोक्याच्या कोपऱ्यातून हळूहळू झिरपतो, खोकं हमखास लोअर बर्थखाली सरकवलेलं असतं, आणि त्याला टेकून असते ती आजींच्या नव्या साडीची पिशवी.