पाव फेरा

आमच्या जुन्या मॅसी ट्रॅक्टरचं स्टेअरिंग पाव फेरा फिरवलं तरी पुढच्या चाकांना पत्ता नसायचा. गावाकडे याला ‘प्ले आलाय’ म्हणतात. शब्द बरोबर आहे, खेळच तो. आबा पाणंदीने जाताना हात सारखा थोडा इकडे, थोडा तिकडे करत राहायचे आणि ट्रॅक्टर मात्र सरळ चालायचा. मी बसलो की तीच मॅसी शेजाऱ्याच्या उसात.

यंदा ऊस तुटून गेल्यावर मिस्त्री आले. मला वाटलं, स्टेअरिंगचा गिअरबॉक्स आवळतील, चहा घेतील, जातील. त्यांनी मला वर बसवलं, “हलव, पन हळू” म्हणाले आणि स्वतः चाकाशी उकिडवे बसले. मी स्टेअरिंग हलवतोय, ते एकेका सांध्यावर बोट ठेवतायत. कुठला भाग हलला आणि कुठला मागे राहिला, हे डोळ्याआधी बोटाला कळतं म्हणे. बॉल जॉइंटात थोडं, बॉक्समध्ये थोडं, चाक ज्यावर वळतं त्या स्टब एक्सलच्या बुशात चांगलंच. एकट्याने कुणी फार खाल्लं नव्हतं, सगळ्यांनी मिळून पाव फेरा जमवला होता. ग्रीस भरायचे निप्पल तर सापडेनात. दर दसऱ्याला हौसेने मारलेल्या रंगाखाली आम्हीच ते बुजवले होते.

“बॉक्स नुसता आवळून नाही का भागणार?” मी विचारलं.

“मधलंच खाल्लंय. कडंला कोरं हाय.”

ट्रॅक्टर जन्मभर बहुतेक सरळच चालतो, म्हणून बॉक्समधला वर्म, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचं मळसूत्र, मधोमध झिजतो. तिथली ढिल काढायला आवळावं, तर बांधावर पूर्ण वळवताना स्टेअरिंग अडकतं. सरळ चालण्यानेच झीज होते, हे वाक्य आबांच्या तोंडी शोभलं असतं. ते तंबाखू मळत होते.

मला कौतुक वाटलं ते या गाडीच्या ठेवणीचं. दोन चाकांना जोडणारा आडवा टायरॉड नाहीच. बॉक्सच्या दोन्ही अंगांनी एकेक लांब रॉड आपापल्या चाकाकडे जातो. हे घराणं हॅरी फर्ग्युसनच्या करड्या टीई-२० ट्रॅक्टरचं. १९४६ पासून इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला तो बनत होता. १९५३ मध्ये फर्ग्युसन मॅसी-हॅरिस कंपनीला मिळाला आणि पुढे हे नाव मद्रासमार्गे आपल्या शिवारात आलं. पुढच्या एक्सलचे दोन्ही हात मागे झुकलेले असतात. त्यामुळे सरीच्या मापाने चाकं आत-बाहेर सरकवली तरी रॉडची लांबी तशीच पुरते, स्टेअरिंगची जुळणी मोडत नाही. इतकी वर्षं मी तो झुकाव कुठल्या तरी धडकेचा समजत होतो!

दोन दिवस लागले. वर्म नवा, बॉल जॉइंट नवे, बुश बसवून आतून भोक मापात आणायला रीमर फिरवला. शेवटी चाकांचं अंतर पुढून आणि मागून मोजून, पुढून किंचित कमी ठेवून रॉड पक्के केले.

पहिली फेरी अर्थात आबांची. हात जुन्या सवयीने इकडे-तिकडे होत होता आणि आता चाकं त्याचं सगळं ऐकत होती. रिकाम्या पाणंदीत मॅसी नागासारखी वळवळत गेली. वळून परत आले, इंजिन बंद केलं, खाली उतरले.

“मिस्त्री,” आबा म्हणाले, “जरासं ढिलं करता येतंय का बघा.”