लालबाग ते वेंगुर्ला : आमची वाटचाल

आमच्या सासऱ्यांचा लालबागला मसाला कांडपाचा गाळा होता. मार्च लागला की बाहेर बायकांची रांग. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, धणे घरून भाजून आणलेले, आणि प्रत्येकीचं प्रमाण वेगळं. त्या रांगेतल्या बायकाच आमच्या कोकणातल्या खाद्यसफरींच्या धंद्याच्या पहिल्या गिऱ्हाईक. "मसाला तुमचाच नेतो, पण मालवणच्या कालवणाची चव काही येत नाही," अशी त्यांची कायमची तक्रार. सासूबाई म्हणायच्या, "फ्रिजातला खोबरा आणि चार दिवसांचो बांगडो, मसालो काय करतलो? गावाक येवा, मगे बघा."

2009 ची दिवाळी झाल्यावर आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने घेतली आणि त्यातल्याच काही जणींना, त्यांच्या नवऱ्यांना घेऊन निघालो. देवळं वाटेत लागली तर करायची, किल्ले लांबून पाहायचे, पण जायचं खाण्यासाठी. आठवडाभर, किनाऱ्याकिनाऱ्याने, घरांतून जेवत. अशी सफर मुंबईत तेव्हा दुसरं कोणी काढत असल्याचं आमच्या तरी ऐकिवात नव्हतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे त्याचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर छापून आलं.

माझे दीर एस.टी.त ड्रायव्हर होते. रत्नागिरी विभागात उमेदीची वर्षं गेलेली, त्यामुळे किनाऱ्याचं प्रत्येक वळण त्यांना पाठ. स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते माझ्याबरोबर आले आणि आलेले सगळे पैसे त्यांनी पहिल्या गाडीच्या डाउन पेमेंटला घातले. फर्म माझ्या नावावर आहे, पण ती उभी केली भावजींनी. मुंबई-गोवा महामार्गाने जायचं नाही हे त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवलं. 2011 पासून त्या रुंदीकरणाने लोकांचे जे हाल केले, ते पाहता तो निर्णय किती बरोबर होता हे वेगळं सांगायला नको. फेरीबोटी जसजशा सुरू झाल्या तसतसा आमचा रस्ता समुद्राकडे सरकत गेला. आज आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड अशा चारही खाड्या आम्ही गाडीसकट बोटीने ओलांडतो.

पहिला मुक्काम अलिबागच्या बाजूला. थंडी असेल तर रात्री पोपटी: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. दुसऱ्या दिवशी दिवेआगर-श्रीवर्धन, उकडीचे मोदक आणि वाडीतलं शहाळं. मग हर्णै. गुहागरला दोन्ही वेळा शाकाहारी, कारण घावन-घाटलं आणि फणसाची भाजी खायची तर मध्ये मासा नको. पुढे रत्नागिरी, देवगड, आणि शेवटी मालवण-वेंगुर्ला. मालवणला माझ्या चुलत सासूबाईंच्या घरी कोंबडी-वडे आणि तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं. नारळाच्या रसातले शिरवाळे त्या लाकडी साच्यातून गरम गरम पाडतात, आणि साचा दाबायला घरातला एक दणकट पुरुष लागतोच. वेंगुर्ल्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूगरांची उसळ. परतताना पाहुणे सावंतवाडीहून तुतारी एक्स्प्रेसने दादरला येतात आणि गाडी आमसुलं, आगळ, काजू भरून मागाहून येते.

आमच्या सामानाबद्दल लिहिलं नाही तर भावजी रागावतील. त्यांची मासळीची पेटी लालबागच्याच एका सुताराने बनवलेली आहे. आतून पत्रा, मध्ये थर्मोकोल, बाहेर फळी, आणि तळाला पाणी जायला तोटी. तोटी महत्त्वाची. बर्फ वितळलेल्या पाण्यात मासा तरंगत राहिला की दुपारपर्यंत मऊ पडतो. जेवढा मासा वजनाला, तेवढाच बर्फ, थरावर थर, आणि पेटी उन्हाच्या बाजूला ठेवायची नाही. हर्णैला संध्याकाळच्या लिलावात घेतलेली सुरमई दुसऱ्या दिवशी दुपारी पानात कडक राहते ती या पेटीमुळे. आयात केलेल्या निळ्या प्लास्टिकच्या पेट्या मी पाहिल्या आहेत, त्यांच्या बिजागऱ्या खाऱ्या हवेत टिकत नाहीत.

दुसरी वस्तू म्हणजे भावजींची वही. तिच्यात भरती-ओहोटी लिहिलेली असते. छापील कोष्टक मिळतं, पण ते किनाऱ्यावरचा जुना हिशेब करतात: तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पुनवेला सव्वाअकराच्या. आमच्या तारखा या वहीवरून पडतात. तिसऱ्या आणि कालवं खाडीत ओहोटीलाच काढता येतात, आणि पुनव-अवसेच्या उधाणात पाणी सर्वात लांब ओसरतं. म्हणून मालवणचा मुक्काम शक्यतो पुनवेच्या किंवा अवसेच्या आसपास. शनिवार-रविवारची सुट्टी जोडून तारीख द्या म्हणणारे पुष्कळ असतात. खाडीला शनिवार-रविवार नसतो, हे आम्ही त्यांना फोनवरच सांगतो.

सोलकढीबद्दल इथेच लिहून टाकते. हॉटेलात मिळते ती भडक गुलाबी सोलकढी आमच्या सफरीत कोणी मागू नये. नारळाचा पहिला दाट रस, आगळ, ठेचलेली लसूण-मिरची, मीठ, वर कोथिंबीर. गुहागरच्या घरांत लसूण नसते, जिरं असतं. आगळ म्हणजे रातांब्याचा, कोकमाच्या फळाचा, मीठ घातलेला रस, त्यात साखर नाही. साखरेचं ते अमृत कोकम, ते सरबताला. दुकानात बाटली घेताना मागचा कागद वाचा, रंग घातलेला असला तर ठेवून द्या. सोलकढी उकळायची नाही, आणि सकाळची संध्याकाळी प्यायची नाही.

2010 ते 2015 धंदा नीट चालला.

मग तो माणूस आला. नाव लिहीत नाही, धंद्यातल्यांना कळेल. आमच्याच गाडीत प्रवासी म्हणून आला होता, बायको-मुलासकट. प्रत्येक स्वयंपाकघरात जाऊन फोटो काढायचा, काकूंच्या हातात मोदक असताना, वहिनी नारळ खवत असताना. सगळ्यांचे फोन नंबर घेतले. आम्हाला बरं वाटलं, माणूस आवडीने विचारतोय. पुढच्या हंगामात त्याची जाहिरात आली: तोच रस्ता, त्याच खाड्या, तेच मुक्काम, आणि आमच्यापेक्षा माणशी बराच कमी दर. जाहिरातीत फोटो आमच्या घरांचे. गाडी मात्र चाळीस सीटची बस.

ज्याने एकदा तरी पंगत वाढली आहे त्याला कळेल की घरच्या चुलीवर चाळीस माणसांचे वडे गरम वाढता येत नाहीत. बिडाच्या तव्यावर एका वेळी एकच घावन होतं. म्हणून आम्ही सतराच्या वर माणूस घेत नाही, अगदी जवळचा नातेवाईक आला तरी. त्याने बस भरली आणि जेवण हॉटेलात नेलं. बर्फातली सुरमई, बुफे, सोलकढी पावडरची. लोकांना वाटलं कोकणातलं जेवण असंच असतं. आमचा दर ऐकून लोक म्हणायचे, "ते तर एवढ्यातच नेतात." काय उत्तर देणार? हर्णैला लिलावात उभं राहून भावजी जी टोपली उचलतात तिचा भाव रोज वेगळा असतो, तो आधी छापून देता येत नाही.

याहून वाईट त्याने हर्णैच्या काकूंचं केलं. त्या आमच्या पहिल्या वर्षापासूनच्या यजमान. त्यांना मोठा ॲडव्हान्स दाखवून त्याने सांगितलं, मागच्या अंगणात खोल्या बांधा, मी वर्षभर माणसं देतो. काकूंनी पतपेढीचं कर्ज काढून खोल्या बांधल्या, कमोड बसवले. आम्हाला कळवताना त्यांना संकोच वाटत होता. आम्ही म्हटलं, तुमचं चांगलं होतंय तर आमची आडकाठी नाही. एक हंगाम तो आला. पुढच्या हंगामात एका रिसॉर्टशी त्याचं जमलं आणि काकूंचा फोन घेणं त्याने बंद केलं. कर्जाचे हप्ते राहिले. भावजी हर्णैला जाऊन त्यांना भेटले आणि परत आपल्या यादीत घेतलं. तोपर्यंत त्यांच्या खोल्यांची भिंत ओल धरून फुगली होती.

त्याच सुमारास एका मोठ्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याच्यावर पानभर लेख आला. कोकणच्या खाद्यसफरीची कल्पना प्रथम त्याने आणली, असं त्यात होतं. सोबतचा फोटो आमच्या दिवेआगरच्या वहिनींच्या माजघरातला. मी पुरवणीला पत्र लिहिलं, आमच्या 2009 च्या पावत्यांच्या प्रती जोडल्या. उत्तर आलं नाही, दुरुस्ती छापली नाही. ते अजून मला लागतं.

या दिवसांत बुकिंग निम्म्यावर आलं, पण एक गिऱ्हाईक हललं नाही. गिरगावच्या एक निवृत्त शिक्षिका, आम्ही त्यांना बाईच म्हणतो. दरवर्षी येतात, दरवर्षी डाव्या बाजूची पुढची खिडकी. काटे काढण्यात त्यांचा हात धरणारा मी पाहिला नाही, बांगड्याचं हाडूक अख्खं बाजूला ठेवतात. त्या दुसऱ्या सफरीला गेल्या नाहीत, एवढंच नाही. आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून आमच्याकडे पाठवायच्या.

2020 ला सगळंच थांबलं. मार्चमध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली. पेण-वडखळची कोंडी सुटणार म्हणून आम्ही एप्रिल-मेच्या सगळ्या तारखा लावल्या, खोल्या ब्लॉक केल्या, यजमानांना ॲडव्हान्स पोचते केले. त्याच महिन्यात टाळेबंदी लागली. लोकांनी पैसे परत मागितले, ते त्यांचे होतेच. यजमानांकडे गेलेले मी मागे मागितले नाहीत, त्यांनी डाळ-तांदूळ भरून ठेवले होते. माझ्या पाटल्या विकल्या आणि परतावे केले. गाडीच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेने काही महिन्यांची सवलत दिली, पण व्याज चढतच होतं. भावजी गाळ्यावर येऊन बसायचे आणि वही उघडून भरतीच्या वेळा लिहायचे, गाडी जाग्यावर असताना.

बाईंना परताव्यासाठी फोन केला तर म्हणाल्या, "ते पैसे तुझ्याकडेच राहू देत. गाडी निघेल तेव्हा मला खिडकी दे. आणि हे सांग, देवगडला आंबा पडून आहे असं ऐकते, तो इकडे का येत नाही?" त्या प्रश्नाने आमची फर्म वाचली. देवगडच्या ओळखीच्या बागायतदारांकडे पेट्या तयार होत्या, वाशीच्या मार्केटचा भरवसा नव्हता. मालवाहतुकीचा पास काढून पिकअपने पेट्या मुंबईला आणल्या. बाईंनी आपल्या गिरगावच्या इमारतीपासून सुरुवात केली, हातांनी यादी लिहिली, मग ती यादी दादर, माहीम, पार्ल्यापर्यंत गेली. सोसायटीच्या फाटकाबाहेर पेट्या उतरवायच्या, पैसे मोबाइलवर यायचे. त्या आंब्यावर आमचे हप्ते गेले आणि कामावरच्या दोन मुलांचे पगारही सुटले.

आंबा संपत आला आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दिवेआगरच्या वहिनींची वाडी एका दुपारी आडवी झाली, नारळ मुळासकट, पोफळी मधूनच मोडलेल्या, घरावरची कौलं शेजारच्या वाडीत. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. तिथल्या माणसाचं नुकसान एका वर्षाचं नसतं. आम्ही ताडपत्र्या, मेणबत्त्या, तांदूळ पाठवले, आणि बाईंनी त्याच आंब्याच्या यादीवर फोन करून पैसे जमवले. पुढच्या मे महिन्यात तौक्तेने सिंधुदुर्गातली घरं आणि देवगडच्या बागा झोडपल्या. तेव्हाही तीच यादी कामी आली.

आमचा प्रतिस्पर्धी त्या काळात कोकणातून उठला. आता परदेशच्या सफरी काढतो असं ऐकते. त्याने ज्या घरांचे फोटो वापरले, त्यांतल्या एकालाही वादळानंतर त्याचा फोन गेला नव्हता. हे मी प्रत्येक घरी विचारून घेतलं आहे.

या धंद्यात उतरू पाहणारी तरुण मुलं हल्ली भेटायला येतात. त्यांना सांगते, यजमानाला ॲडव्हान्स हंगामाच्या आधी द्या आणि उरलेले पैसे पानावरून उठायच्या आत. लहान पापलेट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. 2023 पासून तो राज्याचा मासा आहे, आणि अंडी घालण्याआधीच उचलला तर पुढे लिलावात बोली लावायला काही राहणार नाही. पाहुण्यांना रोज सुरमई वाढू नका, बांगडा तिरफळ घालून द्या, मांदेली द्या, बोंबील द्या. आणि स्वयंपाकघरात फोटो काढायचा तर घरच्या बाईला आधी विचारा.

या हंगामात आम्ही हर्णैचा मुक्काम एका रात्रीऐवजी दोन रात्रींचा केला आहे, काकूंच्या खोल्यांची भिंत नव्याने बांधून झाली म्हणून. पहिली गाडी गणपती विसर्जनानंतर. डाव्या बाजूची पुढची खिडकी दिलेली आहे, ती मागू नये. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा आमची गाडीही बंद. त्या दोन महिन्यांत कोणी कितीही दर दिला तरी आम्ही निघत नाही. सुके बोंबील, सोडे आणि मसाला लालबागच्या गाळ्यावर सकाळी दहापासून मिळेल.