कशानं धुतली म्हणून विचारता

"कशानं धुतलासा ओ भिंत?"

गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न किती जणांनी विचारला असेल याची गणती नाही. लग्नपत्रिका द्यायला आलेले पाव्हणे, दूधवाला, बँकेतली ओळखीची बाई, बेळगावात नवं घर बांधणारा माझा भाचा. आमचं घर शहराच्या पश्चिमेला, राकसकोपच्या वाटेवरच्या गावात. रस्त्याकडची दगडी भिंत आजोबांच्या वेळची. वर्षानुवर्षं ती हिरवी-काळी होती, जागोजाग पांढरा लोणा, म्हणजे मिठासारखा क्षार, फुटलेला. आता तिचा एकेक दगड दिसतो म्हणून माणसं थांबतात, आणि प्रत्येकाला माझ्याकडून एखाद्या बाटलीचं नाव हवं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सगळंच सांगते. उभ्या उभ्या सांगून होण्यासारखं ते नाही, कारण धुण्याचं काम त्यात सगळ्यात कमी होतं. खरी मेहनत गेली ती दगडांच्या मधल्या दरजांवर.

भिंतीत दोन जातींचे दगड आहेत. जोत्याला आणि कोपऱ्यांना काळा दगड, टाकीचे घाव अजून मोजता येतील असा घडीव. खिडकीच्या उंचीपासून वर जांभ्याचे चिरे. आमच्या जिल्ह्यात दगड तालुक्यागणिक बदलतो. निपाणी-चिकोडीकडे सगळा काळा कातळ, गोकाकला गेलात तर धबधब्याखालचा खडक तांबूस-गुलाबी, आणि आमच्यापासून खानापूरकडे जांभा. काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावर लाखो वर्षं ऊन-पाऊस पडून त्यातलं बरंच काही वाहून गेलं, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, त्याचा आमच्या भागात जांभा झाला. बेळगावला इंडालचा ॲल्युमिनियमचा कारखाना आला तोही या पट्ट्यातल्या बॉक्साइटच्या पायी. म्हणजे आमच्या भिंतीत खाली आई आहे आणि वर तिचं पोर. दोघांचा स्वभाव मात्र वेगळा. काळा दगड पाणी फारसं आत घेत नाही. चिरा खाणीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीनं तासता येईल इतका मऊ असतो, वारा लागून कडक होतो, पण पाणी पितो तो पितोच.

भिंतीच्या आत माती. बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक थर, मधे मातीत बसवलेल्या चिपा, आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून बाहेरच्या दरजांना चुना. आमच्याकडची जुनी घरं बहुतेक अशीच.

मी शाळेत होते तेव्हा वडिलांनी त्या सगळ्या दरजा सिमेंटनं भरून घेतल्या. भाताचे पैसे आले होते, त्यातून हौसेनं केलं. गवंड्यानं दरजेवर दोरी धरून सरळ पट्ट्या ओढल्या, वर निळसर रंग दिला. लोक बघायला आले होते. वडिलांची चूक झाली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या काळी पक्कं म्हणजे सिमेंट, आणि घर पक्कं करणं म्हणजे घरातल्या माणसांवरची माया. अख्ख्या गल्लीनं तेच केलं.

पण भिंतीत पाणी येतंच. कौलाखालून येतं, जमिनीतून चढतं. पूर्वी ते चुन्याच्या दरजेतून हळूहळू उडून जायचं. सिमेंटनं ती वाट बंद केली, म्हणून पाणी बाहेर पडायला चिऱ्यातून वाट काढू लागलं. पाण्याबरोबर क्षार आले, चिऱ्याच्या तोंडाशी येऊन सुकले, फुगले आणि दगडाचा पापुद्रा घेऊन खाली पडले. वर्षाला भाताच्या दाण्याएवढं. तीस-पस्तीस वर्षांनी भिंत कशी दिसत होती सांगू? सिमेंटच्या पट्ट्या जाळीसारख्या पुढं आलेल्या आणि मधला चिरा बोटभर आत गेलेला. आमच्या मांजराची पिल्लं त्या पट्ट्यांवर पाय देऊन खिडकीत चढायची. जिवंत दगड झिजला होता आणि त्याला जपायला घातलेलं सिमेंट तसंच्या तसं होतं.

मग 2019 चा ऑगस्ट आला. त्या पावसात आपल्या जिल्ह्यात किती घरं बसली, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आमची भिंत पडली नाही, पण खिडकीखाली तिला पोट आलं. आतली माती भिजून चिखल झाली होती आणि पाण्याला निघायला जागा नव्हती. हात लावला तर भिंत गार लागली, तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखी ओली.

तरीही मला तेव्हा काही कळलं नव्हतं. मला भिंत मळकी दिसत होती, म्हणून मी मळ काढायला निघाले. एका दुकानदारानं ॲसिड दिलं, फरशीचं असतं ते. पश्चिमेच्या कोपऱ्यात, तुळशीच्या मागं, हातभर जागेवर ब्रशनं लावून बघितलं. फसफस असा आवाज आला आणि उरल्यासुरल्या जुन्या चुन्याच्या दरजेतून पांढरा फेस उकळून वर आला. तो फेस म्हणजे मळ निघत नव्हता, चुनाच विरघळत होता. भरपूर पाणी मारलं. आठवड्यानं काळ्या दगडावर हळदीसारखे पिवळे डाग उठले. दगडातलं लोखंड ॲसिडनं बाहेर काढलं होतं. ते डाग अजून आहेत. तुळशीला पाणी घालताना रोज दिसतात. म्हणून हात जोडून सांगते, दगडाच्या भिंतीला ॲसिड लावू नका. पातळ करूनही नको.

पुढचा शहाणपणा माझा नाही. बैलहोंगलकडचे एक म्हातारे गवंडी आमच्या शेजाऱ्यांकडं विहिरीचं काम करत होते. मी त्यांना अज्जा म्हणायची, ते मला अक्का. त्यांना मराठी समजायचं, बोलायचे मात्र कन्नड, आणि माझं उलटं. एक दिवस भिंतीपाशी थांबले, सिमेंटच्या पट्टीवर हातोडीच्या दांड्यानं टकटक केलं. पोकळ वाजली. "सुण्णा," म्हणाले. चुना. आणि मी लगेच कामाला लागायच्या गोष्टी करू लागले तसा हात खाली-वर करत म्हणाले, "निधान, अक्का, निधान." कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. आपल्याकडं निधान म्हणजे पुरून ठेवलेलं धन. मला पहिल्यांदा वाटलं, भिंतीत काही पुरलंय असं सांगताहेत.

तर काम असं झालं.

धुणं मे महिन्यात. शेवाळ ओलं असताना घासलं की ते दगडात चोळलं जातं. उन्हानं वाळून त्याची पूड होऊ द्यायची आणि कोरड्या ब्रशनं झाडायची. ब्रश नायलॉनचा किंवा काथ्याचा. तारेचा ब्रश अजिबात नको, त्याचे बारीक तुकडे दगडात अडकून गंजतात. मग वरून खाली, साध्या नळीनं, जेवढ्यास तेवढं पाणी. गाडी धुवायचा जोराचा पंप भाचा घेऊन आला होता, त्याला मी चहा पाजून परत पाठवला. तो फवारा दरजेतली माती बाहेर काढतो आणि पाणी गाभ्यात ढकलतो. काळ्या दगडावर राखाडी गोल चकत्या आहेत, दगडफुलाच्या. त्या मी ठेवल्या. भिंतीचं वय दिसायला काही हरकत नाही.

पांढऱ्या क्षाराला पाणी लावू नका, तो विरघळून परत आत जातो. कोरडाच झाडून सुपात घ्या आणि लांब नेऊन टाका. जिथं फार होता तिथं आम्ही मुलतानी माती आणि भिजवलेल्या कागदाचा लगदा जाडसर थापला. वाळताना तो क्षार ओढून घेतो. तीनदा थापावा लागला.

मग सिमेंट काढणं. छिन्नी आणि लहान हातोडी, दुसरं काही नाही. ग्राइंडरनं एका दिवसात झालं असतं, पण त्याचं पातं वळत नाही आणि चिऱ्याची कड वळते. अज्जा पट्टीच्या मधोमध घाव घालायचे, दोन्हीकडच्या दगडांना धक्का न लावता. पट्टी सुटली की मागं ओली, काळी माती. दिवसाला दोन हात लांबी झाली तर खूप. खिडकीखालचं पोट तर पूर्ण उतरवावं लागलं. प्रत्येक दगडावर खडूनं आकडा घातला, अंगणात त्याच क्रमानं मांडले, गाभा नव्यानं भरला आणि 43 दगड परत आपापल्या जागी बसवले. त्यातल्याच एका दगडामागं पिंपळाचं मूळ निघालं, मनगटाएवढं. वर आम्ही दरवर्षी रोप खुडत होतो आणि आत ते वाढत होतं. भिंतीवर पिंपळ दिसला की पहिल्याच वर्षी मुळासकट काढा. नंतर भिंत उघडल्याशिवाय तो निघत नाही.

चुना कळीचा, म्हणजे बागलकोट-लोकापूरकडच्या चुनखडीच्या भाजलेल्या खड्यांचा. दसऱ्याच्या सुमारास विरवला. लोखंडी पिंप अर्धं पाण्यानं भरायचं आणि त्यात कळ्या सोडायच्या. कळ्यांवर पाणी ओतायचं नाही, अंगावर उडतं. डोळ्याला चष्मा, हाताला मोजे, पोरं लांब. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही. मग तळातून एक बुडबुडा, मग दुसरा, आणि बघता बघता अख्खं पिंप भाताच्या पेजेसारखं रटरटायला लागतं, खाली जाळ नसताना. भट्टीत सुमारे 900 अंशांवर भाजलेल्या दगडानं धरून ठेवलेली उष्णता आमच्या परड्यात, घरामागच्या अंगणात, बाहेर पडत होती. गार झाल्यावर गाळून पाण्याखाली ठेवला. दिवाळीनंतर काढला तेव्हा लोण्यासारखा, थापीवर न थरथरता बसणारा.

एक भाग चुना, तीन भाग वाळू. वाळूतला थोडा वाटा सुरखीचा, म्हणजे भाजलेल्या मातीच्या कुटाचा. सुरखीला आमच्या माळ्यावरची खानापूरची फुटकी कौलं उपयोगी पडली, अज्जांनी त्यातली कमी भाजलेली निवडून कुटायला लावली. सुरखीनं चुना ओलीतही धरतो. गूळ, बेलफळ, उडीद घातलात का असं बरेच जण विचारतात. नाही घातलं, आमच्या भिंतीला गरज नाही असं अज्जांचं मत पडलं. दरज आधी ओली करायची, नाहीतर तहानलेला चिरा चुन्यातलं पाणी लगेच ओढून घेतो. भरताना दाबून भरायचं, दगडाच्या किंचित आत ठेवायचं, आणि थोडं आवळलं की ताठ ब्रशनं ठोकायचं. त्यानं पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पाणी उडून जायला सोपं जातं. मग गोणपाट ओलं करून टांगायचं, आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ शिंपडायचं. चुन्याला घाई चालत नाही. भट्टीत जो वायू त्याच्यातून गेला, तोच तो हवेतून परत घेतो आणि महिनोन् महिने हळूहळू पुन्हा दगड होत राहतो.

हे सगळं झालं तरी भिंत पायाशी ओलीच राहिली असती, जर अज्जांनी मला पायऱ्या मोजायला लावल्या नसत्या. "मेट्टिलु एष्टु?" लहानपणी रस्त्यावरून सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, यायला तीन पायऱ्या होत्या, तिसरीवर बसून मी पाढे म्हणायचे. आता एकच होती. घर खचलं नव्हतं. दरवेळी डांबरावर डांबर पडत रस्ता वर आला होता, आणि आम्हीही भिंतीला लागून काँक्रीट ओतलं होतं. सगळ्या पावसाचं पाणी जोत्याला येऊन टेकत होतं. आम्ही ते काँक्रीट फोडलं, भिंतीच्या कडेनं दोन वीत रुंद चर खणला, खडी भरली आणि उतार परड्याकडं दिला. खणताना दुसरी पायरी सापडली. घासून मधोमध खोलगट झालेली, माझ्या पावलाच्या ओळखीची. मी तिथं बराच वेळ उभी होते.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. सोप्यात आतून ओलीचा वास येत नाही. भिंत पावसात भिजते, काळी पडते, आणि उघडीप मिळाली की दुपारपर्यंत परत लाल होते. ती वाळताना बघत बसायला मला आवडतं. एकानं वरून पारदर्शक, चमकदार लेप देऊ का म्हणून विचारलं, पाणी शिरणार नाही म्हणाला. शिरलेलं निघणारही नाही, म्हणून नको म्हटलं.

अज्जा आता काम करत नाहीत, गुडघे गेलेत. उत्तरेकडची बाजू अजून सिमेंटचीच आहे, ती येत्या दिवाळीनंतर मी आणि भाचा मिळून घेणार. त्यासाठी विरवलेला चुना परड्यातल्या रांजणात ठेवलाय. वर चार बोटं पाणी असलं की तो वर्षानुवर्षं टिकतो, उलट चांगला होत जातो. आमच्यापुरता काढून बराच उरेल. कुणाला आपल्या भिंतीच्या एका कोपऱ्यात करून बघायचं असेल तर घट्ट झाकणाचा डबा घेऊन या. येताना आपल्या भिंतीतल्या जुन्या चुन्याचा एखादा खडाही आणा, म्हणजे त्यात वाळू कसली आणि किती आहे ते आधी बघता येईल.